शस्त्रपरवाना : बीड जिल्ह्यातील

अग्निशस्त्र जवळ बाळगण्यासाठी शासनाने व्यक्तीस दिलेली लेखी अनुज्ञा म्हणजे शस्त्रपरवाना होय. भारतात शस्त्र बाळगणे हा संविधानाने दिलेला मूलभूत हक्क नाही; तो कायद्यातून मिळणारा, अटींनी बांधलेला आणि काढून घेता येण्याजोगा अधिकार आहे. तथापि परवाना ही केवळ अधिकाऱ्याच्या मर्जीची बाबही नव्हे. कायद्याच्या या दुसऱ्या बाजूकडे सामान्यतः दुर्लक्ष होते. बीड तालुक्यातील लिंबागणेश व बालाघाटच्या पठारावरील इतर गावांत जिराईत शेती, रानडुकरांचा उपद्रव आणि ऊसतोडीसाठी होणारे हंगामी स्थलांतर ही तिन्ही एकत्र आढळतात. त्यामुळे तेथे ह्या कायद्याला कागदापलीकडचा अर्थ आहे.

ब्रिटिश भारतात १८५७ च्या उठावानंतर जनतेला निःशस्त्र करण्याचे धोरण स्वीकारण्यात आले. त्याची परिणती लॉर्ड लिटनच्या कारकीर्दीतील १८७८ च्या हत्यारांच्या कायद्यात झाली. यूरोपियनांना त्यातून सूट होती. भारतीयांना मात्र तलवारी-भाल्यांसाठीही परवान्याचे बंधन पडले. पिकांचे व गुराढोरांचे रक्षण करणेही त्यामुळे अवघड झाले. काँग्रेसच्या १८८७ च्या मद्रास अधिवेशनात ह्या कायद्याविरुद्ध ठराव झाला आणि महात्मा गांधींनी जानेवारी १९३० मध्ये मांडलेल्या अकरा मागण्यांत स्वसंरक्षणार्थ शस्त्रपरवाने देण्याची मागणी होती.

बीड जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात असल्याने तेथील स्थिती निराळी होती. धर्माजी प्रतापराव यांच्या १८१८ मधील बंडाने ह्या प्रदेशातील सशस्त्र असंतोष प्रकट झाला होता. संस्थानात शस्त्रे मुख्यतः सरकारी फौजा, जहागीरदारांचे शिपाई आणि अरब व रोहिले ह्यांच्या हाती होती. अरब-रोहिल्यांपैकी अनेकजण सावकारीही करीत, म्हणजे कर्ज देणारा आणि हत्यार बाळगणारा पुष्कळदा एकच असे. पहिल्या सालारजंगाने १८५३ पासून त्यांचे प्राबल्य क्रमाक्रमाने कमी केले. तरी शस्त्र म्हणजे सत्तेच्या निकटवर्तीयांचे साधन, ही समजूत टिकली आणि १९४७-४८ मध्ये सशस्त्र रझाकारांपुढे नि:शस्त्र खेडी उभी राहिली तेव्हा ती अधिकच पक्की झाली. सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईने संस्थानी राजवट संपली. जिल्हा १९५६ मध्ये मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला.

आजचा मूळ कायदा १९५९ चा असून तो १ ऑक्टोबर १९६२ रोजी अंमलात आला. त्यातील एक तरतूद शेतकऱ्याच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक, किंवा संरक्षण वा शिकारीसाठी किमान वीस इंच लांबीच्या गुळगुळीत नळीची बंदूक मागितल्यास, अपात्रतेचे कारण नसेल तर परवाना देणे हे अधिकाऱ्याचे कर्तव्य ठरते. पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हरसाठी मात्र सबळ कारण दाखवावे लागते. पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही. नकाराची कारणे लेखी नोंदवावी लागतात. लोकहितास्तव ती अर्जदारास न कळविण्याची मुभा अधिकाऱ्यास आहे, हा ह्या तरतुदीतील कच्चा दुवा म्हणावा लागेल.

बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. रानडुक्कर मारण्यासाठी १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाखाली स्वतंत्र परवानगी लागते. पीक खाल्ले म्हणून काळविटावर बंदूक चालविता येत नाही. अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत नवा शस्त्रपरवाना देण्यापूर्वी मुख्य वन्यजीव रक्षकांची संमती आवश्यक असते. पाटोदा तालुक्यातील नायगाव मयूर अभयारण्याभोवतीच्या गावांना हा नियम लागू पडतो.

शस्त्र सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी परवानाधारकाची असते. २०१६ च्या शस्त्र नियमांनी अर्जदाराकडून तशी हमी घेण्याची आणि शस्त्र हाताळण्याच्या प्रशिक्षणाची अट घातली. सार्वजनिक ठिकाणी शस्त्र आच्छादित ठेवावे लागते; ते परजणे किंवा झाडणे निषिद्ध आहे. हरवल्यास वा चोरीस गेल्यास पोलीस ठाण्यात तत्काळ खबर द्यावी लागते. खेड्यातील खरी अडचण वेगळीच आहे. दिवाळीच्या सुमारास कुटुंब कारखान्याच्या वाटेला लागले की घरी म्हातारी माणसे व मुले उरतात आणि आढ्याला टांगलेली किंवा धान्याच्या कणगीमागे ठेवलेली बंदूकही तेथेच राहते. ठासणीच्या बंदुकीची दारू व टोप्या वेगळ्या कुलपात ठेवल्या तर निम्मा धोका टळतो. उरलेल्या निम्म्यासाठी नियमांतच सोय आहे : शस्त्र काही काळापुरते पोलीस ठाण्यात वा तसा परवाना असलेल्या विक्रेत्याकडे जमा करून पावती घेता येते. ह्या सोयीचा प्रचार फारसा झालेला नाही. शस्त्रे जमा करण्याची आठवण प्रशासनाला बहुधा निवडणुकीतच होते. तेव्हाही सर्वांना सरसकट सक्ती न करता छाननी समितीने प्रत्येक प्रकरण पाहावे, अशी पद्धत मुंबई उच्च न्यायालयाच्या २००९ मधील निर्णयापासून रूढ झाली.

२०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस बाळगता येणाऱ्या अग्निशस्त्रांची संख्या तीनवरून दोनवर आणली, परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे केली आणि आनंदोत्सवात बेफिकिरीने केलेल्या गोळीबारास दोन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा ठरविल्या.

९ डिसेंबर २०२४ रोजी केज तालुक्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख ह्यांची हत्या झाली. ती बंदुकीने झाली नव्हती. तरी तिच्यामुळे जिल्ह्यातील दहशतीची चर्चा राज्यभर झाली आणि बीडमध्ये बाराशेंहून अधिक शस्त्रपरवाने असल्याचे समोर आले. हवेत गोळ्या झाडतानाच्या चित्रफितीही त्याच सुमारास प्रसृत झाल्या. फेरतपासणीनंतर २०२५ मध्ये जिल्हा प्रशासनाने अनेक परवाने रद्द केले. पीकसंरक्षणाची जुनी बंदूक आणि कमरेला लावून मिरविण्याचे पिस्तूल हे दोन्ही एकाच आकड्यात मोजले जातात, ही बाब ह्या चर्चेत बव्हंशी बाजूला राहिली. परवाना रद्द झालेल्या व्यक्तीस शस्त्र विनाविलंब जमा करावे लागते. आदेशाविरुद्ध तिला विभागीय आयुक्तांकडे अपील करता येते.