चार गोलांचं कर्ज

1979 साल आहे आणि तुम्ही दार-ए-सलामच्या कारियाकू बाजाराच्या कडेने चालला आहात. दमट हवेने शर्ट पाठीला चिकटलाय. ओला नारळ, सुकी मासळी आणि कोळशाचा धूर यांचा वास एकमेकांत मिसळलाय. टपरीवर चपाती मागायला दुभाषा लागत नाही. त्या वर्षी एप्रिलमध्ये टांझानियाच्या फौजांनी युगांडाची राजधानी कंपाला जिंकली आणि तिथला हुकूमशहा इदी अमीनला पळवून लावलं. त्या युद्धाच्या खर्चाने सरकारी तिजोरीला ओहोटी लागली आहे, पण या गल्लीत माणसं भेटली की बोलणं फुटबॉलवरच येतं.

गल्ली म्सिंबाझी रस्त्याला मिळते. हा सिंबाचा रस्ता. क्लब 1936 चा. आधी ‘क्वीन्स’, मग ‘ईगल्स’, मग ‘संडरलँड’ अशी नावं बदलत 1971 मध्ये त्याने स्वाहिली नाव घेतलं: सिंबा, म्हणजे सिंह. रंग लाल-पांढरा. हाकेच्या अंतरावर 1935 चा यांगा, हिरवा-पिवळा. या शहरातलं पोर चालायला लागायच्या आधी या दोहोंपैकी एकाचं झालेलं असतं.

आजचा सामना मात्र यांगाशी नाही. सिंबा टांझानियाचा विजेता म्हणून आफ्रिकेच्या चॅम्पियन क्लब चषकात उतरला आहे आणि ही पहिली फेरी आहे. प्रतिस्पर्धी झांबियाचा मुफुलिरा वाँडरर्स. या काळात स्पर्धेत साखळी नाही, गट नाहीत. एक लढत आपल्या घरी, एक त्यांच्या घरी. दोन्हींचे गोल एकत्र मोजायचे, ज्याचे कमी तो बाहेर. पहिल्या फेरीत हरलात तर पुन्हा देशाची लीग जिंका आणि मग पुढच्या वर्षी या.

तुम्ही गर्दीबरोबर तेमेकेच्या दिशेने चालत राष्ट्रीय स्टेडियमवर पोचता. पायऱ्यांवर जागा मिळते ती अर्धीच. शेजारच्या गृहस्थांना तुम्ही ‘म्झी’ म्हणता, वयाने मोठ्या माणसाला इथे तसंच म्हणायचं. ते थोडे सरकतात आणि सिंबाच्या अकरा जणांची नावं एका दमात म्हणून दाखवतात.

मग सामना सुरू होतो आणि मुफुलिरा गोल करतं. दुसरा होतो. तिसरा. चौथा होतो तेव्हा स्टेडियममध्ये कोणी ओरडतही नाही. म्झी हिशेब करतात: बरोबरी साधायची तर तिकडे चार गोल हवेत आणि पुढे जायचं तर पाच, तेही परक्या मैदानावर, आपल्यावर एकही न होऊ देता. हिशेब सांगून झाल्यावर ते उठतात, कपडे झटकतात आणि लोंढ्यात शिरतात.

घरच्या मैदानावर 0–4. इथून जगातला कुठलाही शहाणा माणूस पुढच्या वर्षाचा विचार करायला लागेल.

तांब्याच्या वाटेवर

तुम्ही मात्र परतीच्या लढतीला निघता, ताझारा रेल्वेने. दार-ए-सलाम ते झांबियातलं कापिरी म्पोशी, 1,860 किलोमीटर. चीनच्या पैशाने, चिनी आणि आफ्रिकी कामगारांच्या हातांनी बांधलेला हा मार्ग 1976 मध्ये दोन्ही देशांच्या ताब्यात आला. झांबियाला समुद्र नाही. दक्षिणेची वाट गोऱ्यांच्या ऱ्होडेशियातून जाते आणि तिथे युद्ध पेटलंय. म्हणून टांझानियाचे अध्यक्ष न्येरेरे आणि झांबियाचे अध्यक्ष काउंडा यांनी समुद्राकडे जाणारी ही दुसरी वाट उभी केली.

गाडी सेलूसच्या अभयारण्यातून जाते आणि खिडकीतून जिराफ दिसतात. पुढे बोगदे, पूल, डोंगरातली थंडी. एम्बेया मागे पडतं, सरहद्द येते. एका क्रॉसिंगला समोरून मालगाडी येऊन थांबते. तिच्या उघड्या वाघिणींवर तांब्याच्या जाड पत्र्यांच्या चळती लोखंडी पट्ट्यांनी आवळून बांधल्या आहेत. कडा ओबडधोबड, रंग गुलाबीकडे झुकणारा, उन्हात डोळे दिपवणारा. हा माल दार-ए-सलामच्या बंदरात चाललाय, जिथून तुम्ही निघालात.

तुम्हाला हरवणारा संघ याच तांब्याच्या पट्ट्यातला आहे. मुफुलिरा हे खाणगाव. सप्टेंबर 1970 मध्ये तिथल्या खाणीत चिखलाचा लोंढा घुसला आणि 89 कामगार जमिनीखाली गाडले गेले. अशा गावात शनिवार-रविवारचं मैदान म्हणजे आठवडाभर अंधारात राबणाऱ्यांनी सगळ्यांनी मिळून उजेडात घालवायची वेळ. न्काना, रोन, मुफुलिरा हे झांबियाचे मोठे क्लब खाणींच्या आधारावर वाढले. म्हणून वाँडरर्सचा राग धरवत नाही. त्यांचे चार गोल घामाचे होते.

लुसाका

इंडिपेंडन्स स्टेडियम. 24 ऑक्टोबर 1964 ला झांबियाचा झेंडा पहिल्यांदा चढला तो इथेच. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 1,280 मीटरवर आहे. किनाऱ्यावरच्या माणसाला दोन जिने चढताच छातीत फरक कळतो, आणि सिंबाच्या खेळाडूंना तर नव्वद मिनिटं पळायचंय.

भोवती सगळे वाँडरर्सचे लोक. त्यांचा सूर मोकळा आणि प्रेमळ आहे. टांझानियाहून आलात म्हटल्यावर ते तुम्हाला भाजलेलं कणीस देतात. काम पहिल्याच लढतीत झालंय, आज नुसती औपचारिकता उरलीय, असं त्यांना मनापासून वाटतं. तुम्ही भविष्यातून आलात, पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. तोंडातून शब्द काढू नका.

सिंबाचा पहिला गोल होतो तेव्हा कोणी दचकत नाही. एकूण 1–4. पाहुण्यांची अब्रू राहिली म्हणून दोन-चार जण टाळ्याही वाजवतात. दुसरा होतो तेव्हा कणसं खाणं थांबतं. आता चेंडूपेक्षा बचावपटूंकडे पाहा. चार गोलांची आघाडी घेऊन उतरलेल्या संघाला खेळायचं कसं हे ठरवता येत नाही. पुढे जायचं की मागे दार लावून बसायचं? मागे बसावं तर चेंडू पुन्हा पुन्हा अंगावर येतो. पुढे जावं तर पाठ उघडी पडते. समोरच्यांना असा प्रश्नच नाही. त्यांच्याकडे गमावण्यासारखं काही उरलेलं नाही, त्यामुळे प्रत्येक चेंडू पुढेच जातो.

तिसरा. चौथा. आता हिशेब 4–4, कर्ज फिटलंय. स्टेडियममधला आवाज बदलतो. प्रोत्साहनाच्या आरोळ्यांत विनवणी मिसळते. आणि पाचवा होतो. थुवेनी अलीचे तीन, जॉर्ज कुलाग्वाचे दोन. सिंबा 5, मुफुलिरा वाँडरर्स 0. दोन्ही लढती मिळून 5–4.

तुमच्या हातात अर्धं कणीस तसंच आहे. शेजारचा खाणकामगार बराच वेळ मैदानाकडे पाहत राहतो, मग तुमचा हात हातात घेतो आणि जोरात हलवतो.

दार-ए-सलामला ही बातमी रेडिओ सांगतो. टांझानियाच्या मुख्य भूमीवर टेलिव्हिजन यायला अजून 15 वर्षं आहेत. कारियाकूतल्या एका दुकानात ट्रान्झिस्टरचे ‘नॅशनल’ सेल दुपारभर पत्र्यावर उन्हात ठेवले होते, म्हणजे ते संध्याकाळपर्यंत तग धरतील. मालकाने ते एकेक करून अंगठ्याने खाचेत दाबले, डबी फडक्याने बांधली, आणि आवाज आला. त्या शहरातल्या हजारो लोकांनी हे पाच गोल कधीच पाहिले नाहीत. तरी त्यांच्या नातवंडांना ते पाठ आहेत.

हेही सांगायला हवं: पुढच्याच फेरीत नायजेरियाच्या राका रोव्हर्सने सिंबाला बाहेर काढलं. त्या वर्षीचा चषक कॅमेरूनच्या युनियन दुआलाने नेला.

कैरो, 2003

पुढे सरका. स्पर्धेला आता चॅम्पियन्स लीग म्हणतात आणि 1997 पासून तिच्यात गटसाखळी आली आहे. म्हणजे सुरुवातीच्या बाद फेऱ्या आता उंबरठा झाल्या आहेत. पलीकडे मोठे सामने, टीव्ही आणि पैसा. अलीकडे स्वतःच्या खर्चाने केलेला विमानप्रवास, मुक्काम आणि तिकीटविक्रीवर भागवलेला संसार.

सिंबा त्या उंबरठ्यावर उभा आहे आणि समोर आहे इजिप्तचा झमालेक: पाच वेळा आफ्रिकेचा विजेता, आणि गेल्या वर्षीचा चषकही त्याचाच. दार-ए-सलामची लढत इमॅन्युएल गॅब्रिएलच्या एका गोलने सिंबाने जिंकली. आता तुम्ही कैरोत आहात आणि झमालेकने तो गोल फेडला आहे. 1–1. या फेरीत जादा वेळ नसतो, थेट पेनल्टी.

सिंबाचे प्रशिक्षक जेम्स सियांगा केनियाचे, स्वतः एकेकाळचे नामांकित गोलरक्षक. गोलात उभा आहे जुमा कासेजा, उंचीने बेताचा. त्याचे पाय पाहा. मारणारा धावत येईपर्यंत तो हलत नाही. सगळं स्टेडियम त्याच्या अंगावर ओरडतंय आणि तो फक्त चेंडूकडे बघतोय. तो अडवतो. शेवटची पेनल्टी ख्रिस्तोफर अलेक्सची. चेंडू जाळ्यात जातो. 3–2. गतविजेता स्वतःच्या शहरात, गटसाखळीच्या दारातच गारद.

दार-ए-सलाम, 23 डिसेंबर 2018

त्यानंतर 15 वर्षं सिंबाला त्या दारातून आत जाता आलं नाही. आता तुम्ही पुन्हा तेमेकेत आहात. जुन्या मैदानाशेजारी 2007 मध्ये उघडलेलं 60,000 जागांचं नवं स्टेडियम आहे, आणि समोर पुन्हा झांबियाच्या तांब्याच्या पट्ट्यातलाच संघ, किटवेचा न्काना. तिकडची पहिली लढत सिंबाने 1–2 अशी गमावली आहे.

न्काना आधी गोल करतं. वॉल्टर ब्वाल्या. एकूण 1–3. म्हातारी माणसं एकमेकांकडे पाहतात, कारण अशा वेळी काय करायचं असतं ते त्यांना ठाऊक आहे. जोनास म्कुडे एक फेडतो. मेडी कागेरे दुसरा करतो. 3–3, परक्या मैदानावरचे गोलही समसमान. पेनल्टीची वेळ येणार असं दिसतंय. सामना संपत आला असताना चेंडू क्लेटस चामाकडे येतो. गोलाकडे त्याची पाठ आहे. वळायला वेळ नाही, म्हणून तो टाचेने चेंडू मागे सारतो आणि तो आत जातो. चामा झांबियाचा आहे.

त्या टाचेने सिंबा गटसाखळीत गेला, आणि तिथे तळाला राहणाऱ्या क्लबलाही 5,50,000 डॉलर मिळत होते. सिंबाने गटात इजिप्तच्या अल अहलीला दार-ए-सलाममध्ये हरवलं आणि उपांत्यपूर्व फेरी गाठली.

आणखी आठ महिने पुढे या. ऑगस्ट 2019, तेच स्टेडियम, सगळ्यात पहिली फेरी, मोझांबिकचा यूडी सोंगो. तिकडे 0–0 झालेलं. इथे लुईस मिकिसोनेची फ्री किक आत जाते, सिंबा पेनल्टीवर बरोबरी साधतो, पण 1–1 पुरत नाही. परक्या मैदानावरच्या एका गोलने सिंबा बाहेर. आदल्या हंगामात आफ्रिकेतल्या शेवटच्या आठांत असलेला संघ हंगाम नीट सुरू व्हायच्या आत संपला. काही महिन्यांत सिंबाने मिकिसोनेलाच आपल्या संघात घेतलं, आणि ज्या लोकांना त्याने रडवलं होतं त्यांनी त्याला डोक्यावर घेतलं.

दारातला फुटबॉल

आता आपल्या काळात परत या आणि सिंबाचा लेखाजोखा मांडा. 1993 मध्ये एका आफ्रिकी स्पर्धेचा अंतिम सामना हरला, 2025 मध्ये आणखी एकीचा. आफ्रिकेचा एकही चषक या क्लबच्या कपाटात नाही. विजेत्यांच्या यादीत त्याचं नाव शोधलंत तर सापडणार नाही. तरी म्सिंबाझी रस्त्यावर लुसाका म्हणा, झमालेक म्हणा, चामाची टाच म्हणा, माणसं उभ्या उभ्या सामना सांगायला लागतात.

याचं कारण या फेऱ्यांच्या रचनेतच आहे. अंतिम फेरीत पोचतात ते बहुतेक उत्तरेचे श्रीमंत क्लब. अल अहली, झमालेक, एस्पेरान्स, वायदाद. खाणगावाचा संघ, बंदरावरचा संघ, सोंगोहून आलेला संघ यांना आफ्रिका भेटते ती इथे, पहिल्या-दुसऱ्या फेरीत. इथे संघांमधलं अंतर पैशाच्या हिशेबाने मोठं असतं आणि दोन लढतींत मिटू शकतं. एका रात्रीचं नशीब पुरत नाही. परक्या उंचीवर, परक्या गर्दीत जाऊन तुम्ही कोण आहात हे दाखवावं लागतं, आणि आठ-पंधरा दिवसांत पाहुणा यजमान होतो. अनेक वर्षं या फेऱ्यांत आफ्रिकी महासंघाकडून क्लबांना दमडीही मिळत नव्हती. 2023 पासून प्रत्येक क्लबला 50,000 डॉलर मिळू लागले. उशिरा का होईना, दाराची किंमत कोणीतरी ओळखली, हे बरं झालं.

म्हणून दरवर्षी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये या फेऱ्यांचं वेळापत्रक लागलं की ते वाचा. त्यात तुम्ही कधी न ऐकलेल्या गावांची नावं असतील आणि मोठे संघ क्वचितच. दोन संघांची एक जोडी निवडा आणि दोन्ही सामने पाहा. पहिली लढत कोणी 4–0 ने जिंकली तर तिथे थांबू नका. परतीची लढत बघितल्याशिवाय निकाल लागला असं म्हणायचं नाही, हे लुसाकातल्या पाच गोलांनी सिद्ध केलं आहे, आणि आफ्रिकेतला फुटबॉल समजून घ्यायचा असेल तर तो याच फेऱ्यांत समजतो.