मानवी कंठाची परंपरा : ओवीपासून गायकवृंदापर्यंत

मनुष्याला लाभलेले पहिले वाद्य म्हणजे त्याचा स्वतःचा कंठ. फुप्फुसांतून येणाऱ्या हवेने स्वरयंत्रातील दोन स्वरतंतू कंप पावतात. प्रौढ पुरुषाच्या बोलण्यात ही कंपने सेकंदाला साधारण १०० ते १३०, तर स्त्रीच्या बोलण्यात २०० च्या आसपास असतात. घसा, जीभ आणि ओठ त्या ध्वनीला आकार देतात. रचना सर्वत्र एकच, परंतु प्रत्येक समाजाने तिचा उपयोग आपल्या रीतीने केला. मध्य आशियातील तुवा प्रदेशातील गायक एकाच कंठातून खर्जाचा अखंड स्वर व त्यावर शिटीसारखा दुसरा स्वर काढतात. जॉर्जियाचे ग्रामस्थ तीन निरनिराळ्या आवाजांत एकत्र गातात; या गायनाला युनेस्कोने २००१ साली मानवजातीचा अमूर्त वारसा म्हणून गौरविले.

ख्रिस्तसभेची परंपरागत ग्रेगोरियन गायकी मात्र एकस्वरी आहे. सर्वांनी एकच चाल गायची, वाद्याची साथ नाही, तालाचे बंधन नाही. शब्द पुढे आणि स्वर त्याच्या सेवेला. आपल्या भारतीय संगीतातही मुख्य आधार एका चालीचाच असल्याने ही गायकी आपल्या कानाला तितकी परकी वाटू नये. ११ व्या शतकात गुइदो या इटालियन मठवासीने योहान बाप्तिस्ताच्या एका लॅटिन स्तोत्रातील ओळींच्या आद्याक्षरांवरून स्वरांना नावे दिली. आपल्या ‘सा रे ग म’ प्रमाणेच पाश्चात्त्य गायकांच्या तोंडी असलेली ‘रे, मी, फा, सोल, ला’ ही नावे तेथून आली. पुढे युरोपात चार आवाजांचे गायन वाढले, आणि सोप्रानो, आल्टो, टेनर व बास ही विभागणी आपल्या धर्मग्रामांतील गायकवृंदांपर्यंत पोहोचली.

आपल्या भाषेचा स्वतंत्र वारसा मात्र ओवीत आहे. इंग्रज येशूसंघीय धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले व १६१९ साली तेथेच निवर्तले. त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ प्रथम १६१६ साली रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. दोन भाग, ९५ अवस्वर आणि सुमारे ११ हजार ओव्या असा त्याचा विस्तार आहे. या ग्रंथाविषयी आपण बहुधा भाषेच्या अंगाने बोलतो; तो मुळात गाण्यासाठी रचलेला आहे, हे विसरले जाते. तीन चरण यमकाने बांधलेले आणि चौथा आखूड, ही ओवीची घडण श्वासाच्या मापाची आहे. चौथ्या चरणाशी गाणारा थांबतो, श्वास घेतो आणि पुढे जातो. ज्या श्रोत्यांना वाचता येत नव्हते त्यांच्यापर्यंत शुभवर्तमान पोहोचविण्याचा याहून सोयीचा मार्ग नव्हता. फ्रान्सिस्को वाझ द गिमाराएस यांचे १६५९ सालचे ख्रिस्ताच्या दुःखसहनावरील पुराण तर उत्तर कोकणातील बोलीला अधिक जवळचे. १९ व्या शतकात ते मुंबईत पुन्हा छापले गेले.

वसईशी निगडित आणखी एक आठवण येथे नोंदविणे योग्य होईल. वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे २५ सहकाऱ्यांसह हुतात्मा झाले. त्या वेळी त्यांच्यातील बालहुतात्म्यांनी क्रुसावरून स्तोत्र गायिले, अशी परंपरा सांगते.

दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने ४ डिसेंबर १९६३ रोजी घोषित केलेल्या उपासनाविषयक संविधानात ग्रेगोरियन गायकीला मानाचे स्थान दिले आहे. त्याबरोबरच लोकांचे भक्तिगायन जोपासावे आणि मिशन प्रदेशांतील लोकांच्या संगीतपरंपरेस योग्य महत्त्व द्यावे, असेही सांगितले आहे. भाविकांचा सक्रिय सहभाग हा त्या संविधानाचा गाभा होय. मायक्रोफोन व कीबोर्ड यांनी गायकवृंदाची सोय झाली, यात शंका नाही. परंतु ध्वनिक्षेपकाचा आवाज इतका चढतो की बाकावरील भाविक गाणे सोडून ऐकू लागतात. काही गीतांची पट्टीही सामान्य कंठाला न पेलणारी असते. एक-दोन स्वर खाली उतरविले, तरी सारे मंदिर गाऊ लागते.

मंदिराबाहेरचे गायन त्याहून अधिक संकटात आहे. निर्मळ, नंदाखाल, भुईगाव, गास या भागांतील कादोडी, म्हणजे सामवेदी, बोलीतील लग्नगीते स्त्रियांनी मुखोद्गत जपली. एकीने ओळ उचलायची व इतरांनी ती झेलायची. यांत नाती, शेती, दागिने, जिन्नस यांची असंख्य नावे आहेत, जी प्रमाण मराठीत सापडत नाहीत. लग्ने सभागृहात गेली, डीजे आला, आणि शिकणाऱ्या मुली ऐकण्याच्या जागीच उरल्या नाहीत. जात्यावरच्या ओव्यांचेही हेच झाले. पिठाची गिरणी आली आणि पहाटेचे गाणे थांबले. मात्र पुण्यात गी प्वातवँ आणि हेमा राइरकर यांनी सहकाऱ्यांसह खेडोपाडी फिरून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, म्हणून त्या आज वाचता व ऐकता येतात.

वसईत हे काम मोबाइल संचावरही करता येण्यासारखे आहे. ध्वनिमुद्रण करताना गाणारीचे नाव व गाव, गीताचा विधी (हळद, मांडव, पाठवणी), शब्द जसे उच्चारले तसेच देवनागरीत, आणि अवघड शब्दांचा अर्थ तिच्याच तोंडून नोंदवावा. गीत तिला कोणाकडून मिळाले, हेही विचारावे. चाल ‘सुधारू’ नये, आणि पार्श्वसंगीत तर मुळीच जोडू नये.