पांजरापोळीचा लागा

मुंबईत 1832 साली मोकाट कुत्री मारण्याची मोहीम सुरू झाली, तेव्हा श्वानाला पवित्र मानणारा पारशी समाज रस्त्यावर उतरला. त्या क्षोभानंतर विधायक वाट काढली ती व्यापाऱ्यांनी. जमशेटजी जिजीभाई आणि शेठ मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने 1834 साली भुलेश्वर येथे मुंबई पांजरापोळ स्थापन झाली. भायखळ्याचे आदीश्वर मंदिर व शत्रुंजयावरील टूंक यांमुळे जैन समाजाला सुपरिचित असलेले मोतीशा शेठ ते हेच.

खरा प्रश्न स्थापनेनंतरचा होता. पांजरापोळीत आलेले जनावर विकायचे नसते. लंगडा बैल, भाकड गाय अखेरच्या श्वासापर्यंत सांभाळायची असते. एकरकमी देणगीतून गोठा उभा राहतो, चारा मात्र रोज लागतो. या नित्य खर्चाची सोय महाजनांनी आपल्या वहीतच केली. कापसासह अनेक मालांच्या व्यवहारांवर अल्पशी धर्मादाय पट्टी बसविण्यात आली, हाच ‘लागा’. सौदा झाला की लागा निघे. दात्याच्या मनात करुणा दाटून येण्याची वाट पाहावी लागत नसे, की कुणाच्या दारी झोळी घेऊन जावे लागत नसे. जैन, वैष्णव, पारशी अशा भिन्नधर्मीय पेढ्या एका संस्थेशी जोडल्या गेल्या त्या याच हिशेबाने.

पुढे 1950 च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाने या रूढीची दखल घेतली. व्यवहारात धर्मादाय म्हणून आकारलेली रक्कम व्यापाऱ्याकडे केवळ विश्वस्त या नात्याने राहते व तिचा हिशेब त्याला द्यावा लागतो, असे त्याचे 54 वे कलम सांगते. चाऱ्याचा पैसा शेठजींच्या मर्जीचा नव्हे, हे कायद्यानेही मानले!

लाग्याची उणीवही सांगितली पाहिजे. तो व्यापाराला बांधलेला होता, कुटुंबाला नव्हे. पेढी मिटली की तोही थांबे. ती उणीव ‘कायम तिथी’ने पुष्कळशी भरून काढली. वडिलांच्या पुण्यतिथीस चारा घालण्यासाठी एकदा ठेव ठेवायची आणि तिच्या व्याजातून तो दिवस दरवर्षी साजरा व्हायचा. पण येथेही संस्थेची जागरूकता लागते. तिथीपूर्वी घरी पत्र गेले, तर नातवालाही आजोबांचा दिवस ठाऊक राहतो. न गेले, तर भिंतीवरची संगमरवरी तक्ती तेवढी उरते. चाऱ्याचे भाव चढल्यावर जुन्या ठेवीच्या व्याजात एक दिवसही भागत नाही. अशा वेळी ठेवीत भर घालण्याची विनंती करावयाची, तर त्या घरचा आजचा पत्ता वहीत असावा लागतो.