वऱ्हाडची गढी आणि इंग्लंडचे ‘मॅनर हाउस’

इंग्लंडमधील ‘मॅनर हाउस’ म्हणजे गावच्या जमीनदाराचे घर, कोठार आणि न्यायनिवाड्याची जागा एकत्र. वऱ्हाडात हेच काम गढीने केले.

श्रॉपशायर परगण्यातील स्टोकसे पाहा. लॉरेन्स ऑफ लडलो या लोकरीच्या व्यापाऱ्याने ते तेराव्या शतकाच्या अखेरीस बांधले आणि १२९१ मध्ये राजाकडून तटबंदीचा परवाना मिळवला. दिवाणखान्याच्या खिडक्या मात्र इतक्या मोठ्या की वेढा पडल्यास त्यांचा उपयोग शत्रूलाच व्हावा! तटबंदी बरीचशी दिमाखासाठी होती.

गढीचा बंदोबस्त अधिक खरा. पांढरीच्या उंचवट्यावर जाड मातीचा तट, कोपऱ्यांना बुरूज, एकच भक्कम दरवाजा, त्याला दिंडी; आत देवडी, चौक, सोपा, माजघर, धान्याची पेवे आणि विहीर. पेंढाऱ्यांच्या काळात सारे गाव आत येई.

मग स्टोकसे उभे आणि गढ्या ढासळलेल्या, असे का? ‘माती टिकत नाही’ हे उत्तर मला अपुरे वाटते. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी लिंपण झाले तर माती पिढ्यान्‌पिढ्या टिकते. प्रश्न लिंपणाच्या खर्चाचा आहे.

राळेगाव तालुक्याच्या कडेने वाहणारी वर्धा नदी येथे महत्त्वाची ठरते. १८०३ च्या देवगावच्या तहाने भोसल्यांनी तिच्या पश्चिमेचा मुलूख सोडला. तो निजामाकडे गेला आणि १८५३ मध्ये इंग्रजांच्या कारभाराखाली आला. देशमुखाचा हक्क मुख्यतः वसुलातील वाट्यावर होता. रयतवारीत सरकार थेट कुणब्याकडून सारा घेऊ लागले; देशमुखाचे काम संपले, हाती उरले ते बांधीव वेतन. नदीपलीकडे मात्र मालगुजारांना इंग्रजांनी जमिनीचे मालकी हक्क दिले. ते १९५१ पर्यंत चालले आणि त्यांच्या वाड्यांना तेवढा काळ धनी राहिला.

स्टोकसेवरही वाईट दिवस आले होते. त्याचे कोठार झाले होते. १८६९ मध्ये ऑलक्रॉफ्ट या हातमोज्यांच्या कारखानदाराने ते विकत घेऊन जपले. वऱ्हाडातही कापसाचा पैसा आला, पण तो जिनांत आणि शहरांतील घरांत गेला.

गढीची पांढरी माती लोकांनी घरे लिंपायला नेली. दरवाजाची दगडी चौकट आणि विहीर बहुधा शेवटी उरते. आपल्या गावी ती उभी असेल, तर मापे आणि छायाचित्रे आताच घेऊन ठेवा.