तडितरक्षक असूनही उपकरणे का जळतात?

आकाशातील वीज इमारतीवर कोसळून भिंतीला तडे जाणे आणि विजेच्या कडकडाटानंतर घरातील दूरचित्रवाणी संच बंद पडणे, या दोन वेगळ्या घटना होत. त्यांवरील उपायही वेगळे आहेत. गच्चीवर तडितरक्षक बसविला की सारे सुरक्षित झाले, हा समज त्यामुळेच अपुरा ठरतो.

तडितरक्षकाचे कार्य

बेंजामिन फ्रँकलिन यांनी अठराव्या शतकात मांडलेली तडितरक्षकाची मूळ कल्पना आजही कायम आहे. छतावरील धातूचा दांडा, भिंतीवरून उतरणारी तांब्याची वा लोखंडी पट्टी आणि जमिनीतील अर्थिंग हे त्याचे तीन भाग. तो वीज पडणे थांबवीत नाही. पडलेल्या विजेला जमिनीत जाण्यासाठी सुकर मार्ग देतो. हा मार्ग नसेल तर प्रवाह भिंतीतून वाट काढतो, तेथील ओलाव्याची क्षणार्धात वाफ होते आणि दगड-गिलावा फुटतो.

उपकरणांना धोका कशामुळे?

विजेच्या एका आघातात साधारणपणे ३०,००० अँपिअर प्रवाह असतो. अर्थिंगचा रोध १० ओहम धरला, तरी त्या क्षणी अर्थिंगचा विद्युतदाब ३ लाख व्होल्टपर्यंत चढू शकतो. तडितरक्षकाचे आणि घरातील वायरिंगचे अर्थिंग एकमेकांपासून तुटक असल्यास हा फरक उपकरणांतून उडी घेतो. म्हणून सर्व अर्थिंग, पाण्याचे धातूचे नळ आणि केबलचे धातूचे आवरण एकत्र जोडणे आवश्यक असते.

वीज दूरच्या तारांवर पडली, तरी विद्युतदाबाची उसळी, म्हणजेच सर्ज, तारांवाटे घरात पोहोचते. एमसीबी ती रोखू शकत नाही. तिला तुटण्यास काही सहस्रांश सेकंद लागतात, तर सर्जचा खेळ सेकंदाच्या दशलक्षांश भागांत आटोपतो. आरसीसीबी विजेच्या धक्क्यापासून माणसाचे रक्षण करते. सर्ज थोपविणे हे तिचे काम नव्हे. स्टॅबिलायझरही या वेगापुढे मंद ठरतो.

एसपीडीचे तीन प्रकार

सर्जला जमिनीकडे वळविणारे साधन म्हणजे सर्ज प्रोटेक्शन डिव्हाइस अथवा एसपीडी. तडितरक्षक असलेल्या इमारतीच्या मुख्य पॅनेलवर पहिल्या प्रकारचे, वितरण फलकावर दुसऱ्या आणि नाजूक उपकरणांजवळ तिसऱ्या प्रकारचे एसपीडी बसवितात. त्याच्या जोडतारांची एकूण लांबी शक्यतो अर्ध्या मीटरपेक्षा अधिक नसावी. तार लांबली की संरक्षण घटते. इंटरनेट व अँटेनाच्या तांब्याच्या तारांसाठी स्वतंत्र एसपीडी लागते.

जांभ्याच्या जमिनीतील अडचण

गोव्यातील जांभ्याची जमीन विद्युतप्रवाहाला मोठा रोध करते आणि एप्रिल-मे महिन्यांत ती कोरडी पडते. वळवाच्या विजांचा काळही नेमका हाच. त्यामुळे अर्थिंगचा रोध पावसाळ्यात नव्हे, तर उन्हाळ्यात मोजून घेणे हिताचे. गरज भासल्यास जादा इलेक्ट्रोड पुरून ते एकमेकांस जोडावेत.

इमारतींच्या तडितसंरक्षणासाठी भारतात आयएस/आयईसी ६२३०५ हे मानक लागू आहे. काम परवानाधारक तंत्रज्ञाकडून त्यानुसार करून घ्यावे. वादळाची चाहूल लागताच उपकरणांचे प्लग काढावेत. गडगडाट सुरू झाल्यावर मात्र तारांना हात लावू नये. विजांची पूर्वसूचना पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने विकसित केलेल्या ‘दामिनी’ अ‍ॅपवर मिळते.