शाळा अंगणात आली, तेव्हा

यंदाच्या स्मरणिकेसाठी मी विषय घेतला आहे तो प्राथमिक शाळेतल्या सहलींचा आणि संमेलनांचा. कोणी म्हणेल, यात लिहिण्यासारखे ते काय? मुले डबा घेऊन जातात, दिवसभर हुंदडतात, संध्याकाळी पाय दुखतात म्हणून कुरकुरतात, झाली सहल! मलाही पूर्वी यापलीकडे काही ठाऊक नव्हते. पण आपल्या मंडळाच्या दुपारच्या वाचनात अनुताई वाघ यांचे 'कोसबाडच्या टेकडीवरून' हे पुस्तक वाचून झाले, आणि मग मी वाचनालयातून त्या विषयावरचे आणखी काही आणून वाचले. मी सातवीपर्यंत शिकलेली बाई आहे. विद्वत्तेचा आव न आणता, जे समजले ते आपल्या घरगुती भाषेत मांडते.

आपल्या पणजी-आजीच्या काळची शाळा म्हणजे चार भिंती, पाटी, पाढे आणि मास्तरांची छडी. मुलाला शाळेत घातले की आईबापांचे काम संपले, आणि मूल शाळेबाहेर पडले की मास्तरांचे काम संपले, अशी सरळ वाटणी होती. घर एकीकडे, शाळा दुसरीकडे. मधली भिंत पाडावी असे फारसे कोणाला वाटत नव्हते.

ही भिंत पाडणाऱ्यांत एक मोठे नाव परदेशातले आहे. इटलीतल्या रोम शहरात १९०७ साली डॉक्टर मारिया माँटेसरी या बाईंनी कष्टकऱ्यांच्या वस्तीत, त्यांच्या चाळीतच, पहिले बालगृह उघडले. तेथे मुलांसाठी नियम होते, तसे आयांसाठीही होते. मुलाला स्वच्छ करून पाठवावे, बाईंना साथ द्यावी. आणि आठवड्यातून निदान एकदा आईला बाईंशी बोलता यावे, अशी सोय ठेवलेली होती. पालक सभा आज आपल्याला नेहमीची वाटते. पण शंभरावर वर्षांपूर्वी गरीब वस्तीतल्या आईला शाळेने असे बोलावणे ही लहान गोष्ट नव्हती.

आपल्या बाजूला हा वारा गुजराथेतून आला. भावनगरला गिजुभाई बधेका नावाचे वकील होते. वकिली सोडून ते दक्षिणामूर्ती संस्थेत आले आणि १९२० साली त्यांनी तेथे बालमंदिर काढले. पुरुष असून मुलांवर आईसारखी माया करीत, म्हणून लोक त्यांना 'मूछाळी माँ', म्हणजे मिशीवाली आई, म्हणू लागले. त्यांचे 'दिवास्वप्न' हे पुस्तक कल्पित गोष्टीच्या रूपाने लिहिलेले आहे. त्यातला मास्तर चौथीचा वर्ग घेतो आणि पुस्तके बाजूला ठेवून आधी गोष्टी सांगतो, खेळ घेतो, मुलांना गावाबाहेर मोकळ्या हवेत नेतो, त्यांच्याकडून नाटके करवतो. वरचे अधिकारी आणि जोडीचे मास्तर त्याला हसतात. तो पालकांना सभेला बोलावतो, तर फारच थोडे येतात!

आपल्या आळीतही सहलीचा विषय निघाला की पहिले वाक्य ठरलेले असते, "सहल म्हणजे काही शाळा नव्हे. एक दिवस चुकला तर काय बिघडते?" गिजुभाईंचे म्हणणे याच्या उलट होते. बाहेर नेलेले मूल झाड बघते, पाणी बघते, विचारते, आठवते, सांगते, हेच शिकणे. आज तिसरी-चौथीच्या मुलांना 'परिसर अभ्यास' म्हणून विषयच आहे. ओढा, बाजार, टपाल कचेरी न बघता तो नुसता पाठ करणे म्हणजे पुरणपोळीची कृती पाठ करून पोट भरल्यासारखे मानणे होय.

गिजुभाईंच्या या कामात १९२३ साली आपल्या एक मराठी बाई सामील झाल्या. त्या ताराबाई मोडक. ताराबाई पदवीधर होत्या. राजकोटला मुलींच्या अध्यापन शाळेच्या प्रमुख म्हणून चांगल्या जागेवर होत्या. ती नोकरी सोडून त्या लहान मुलांत येऊन बसल्या. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. पुढे ताराबाई मुंबईस आल्या आणि १९३६ साली दादरला शिशुविहार सुरू झाला. शहरातल्या पांढरपेशा घरांतून मुले आनंदाने येऊ लागली.

एवढ्यावर थांबल्या असत्या तरी त्यांचे नाव राहिले असते. पण ही मौज फक्त शहरातल्या, पैसेवाल्यांच्या मुलांनीच का भोगावी, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. म्हणून १९४५ साली त्या आपल्या बाजूला बोर्डीला आल्या आणि तेथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. तेव्हा हा ठाणे जिल्हा होता. आपला पालघर जिल्हा २०१४ साली वेगळा झाला. त्यांच्या सोबत आल्या अनुताई वाघ.

बोर्डीला बालवाडी तर निघाली, पण दलित वस्तीतली मुले येईनात. आईबाप मजुरीला गेलेले, मुलांना आणून सोडणार कोण? शिवाय आपले मूल तेथे चालेल की नाही ही धास्ती. दुसऱ्या कोणी म्हटले असते, "लोकांनाच शिक्षण नको, आम्ही काय करणार?" ताराबाईंनी असे म्हटले नाही. मुले बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. झाडाखाली, सारवलेल्या अंगणात, आधी मुलांना आंघोळ घालायची, नखे कापायची, केस विंचरायचे, मग गाणी, गोष्टी, खेळ. ओट्यावर बसलेल्या आजीला, पाणी भरणाऱ्या आईला हे सगळे दिसत होते. शाळेत काय चालते ते पाहायला त्यांना वेगळे आमंत्रण लागत नव्हते. 'अंगणवाडी' हा शब्द जन्मला तो असा.

साधनांची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. माँटेसरीबाईंची लाकडी साधने महाग. ती खेड्यात आणायची कोठून? तेव्हा शिंपले, चिंचोके, गोटे, पाने, बिया हीच साधने झाली. समुद्रकाठी आणि रानात जे फुकट मिळते त्यावर मुले मोजायला, लावायला, ओळखायला शिकली. पैसे नाहीत म्हणून आनंद नाही, ही सबब येथे निकालात निघाली.

१९५७ साली हे काम डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. आजूबाजूला वारल्यांचे पाडे. तेथे नवीनच अडचण. मुले दिवसभर गुरे घेऊन रानात. मग शिक्षक कुरणात गेले. गुरे चरत आहेत आणि जवळच मुले बसून शिकत आहेत, अशी ती कुरणशाळा. आपण मुलांची सहल काढतो. येथे साऱ्या शाळेनेच सहल काढली, असे म्हणायला हरकत नाही.

आणखी एक अडचण मला अगदी घरची वाटली. पोरी शाळेत येईनात, कारण कडेवर धाकटे भावंड. आई कामावर, तेव्हा ते मूल सांभाळायचे कोणी? यावर तोड म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा ही तिन्ही एकाच आवारात आणली. तिला विकासवाडी म्हणत. तान्हे पाळण्यात, मधले बालवाडीत, थोरली वर्गात! बाईमाणसाच्या संसाराची ज्याला जाण आहे त्यालाच असे सुचावे. माझी स्वतःची शाळा सातवीला सुटली ती याच कारणाने. पाठची दोन भावंडे होती, आणि आई भातलावणीला जाई. आमच्या गावी अशी सोय असती तर, असे ते पान ऐकताना मनात आल्यावाचून राहिले नाही. शेजारी बसलेल्या दोघीजणींनीही पदर डोळ्यांना लावला, तेव्हा ही गोष्ट माझ्या एकटीची नव्हे हे कळले.

आता अनुताईंविषयी. त्यांचा जन्म १९१० सालचा. तेराव्या वर्षी लग्न झाले आणि सहा महिन्यांत वैधव्य आले. त्या काळी अशा मुलीचे पुढे काय होई, हे आपल्या घरातल्या म्हाताऱ्यांनी पाहिलेले आहे. पण त्या शिकल्या. १९२५ साली व्हर्नाक्युलर फायनल झाल्या. भगिनींनो, व्हर्नाक्युलर फायनल म्हणजे मराठी सातवी! त्या सातवीवर त्या शिक्षिका झाल्या. नोकरी करता करता १९३७ साली मॅट्रिक झाल्या, आणि १९६१ साली, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, बी. ए. झाल्या. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळाले, अनुताईंना १९८५ साली पद्मश्री. ताराबाई १९७३ साली गेल्या. अनुताई कोसबाडचे काम पाहत राहिल्या, आणि १९९२ साली त्याही गेल्या. "मुलीच्या जातीला कशाला लांबची सहल" असे कोणी म्हटले की मला तेरा वर्षांची ती मुलगी आठवते. तिलाही कोणी उंबऱ्याआडच ठेवले असते, तर कोसबाडची टेकडी तशीच ओसाड राहिली असती.

त्यांचे काम टेकडीवर राहिले नाही. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ ठिकाणी सुरू केली. तिच्यातल्या केंद्रांचे नाव अंगणवाडी. बोर्डीच्या अंगणातला शब्द असा देशभर गेला. पुढे २००९ साली शिक्षण हक्काचा कायदा झाला, तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्या कायद्याने सरकारी आणि अनुदानित शाळांना व्यवस्थापन समिती नेमावी लागते. तिच्यात पाऊण सभासद पालक असावे लागतात आणि एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया. म्हणजे दिवास्वप्नातल्या ज्या सभेला पालक फिरकले नाहीत, त्या जागी आता कायद्याने आपल्याला खुर्ची दिली आहे. बसायचे की नाही, हे आपल्या हाती आहे.

हे सारे लिहिण्याचे कारण आता सांगते. सहली, संमेलने, आनंदमेळावे आज सगळीकडे होतात, आणि ते चांगलेच आहे. पण कधी कधी त्यांचे मूळ विसरले जाते. एका शाळेच्या संमेलनात मी पाहिले, भाड्याचा पोशाख ज्यांना परवडला ती मुले पुढे नाचत होती, आणि बाकीची मागच्या सतरंजीवर बसून टाळ्या वाजवीत होती. सहलीची वर्गणी भरता आली नाही म्हणून त्या दिवशी 'पोटात दुखते' असे सांगून घरी राहणारी मुले आपल्या आळीत आहेत. त्या पोटदुखीचे औषध दवाखान्यात मिळत नाही. ताराबाईंनी हे सारे आणले ते मागे राहिलेल्या मुलासाठी. तेच मूल मागे राहिले, तर बसगाडी कितीही सजवली तरी ती सहल अपुरीच म्हणायची.

म्हणून मंडळापुढे तीन गोष्टी ठेवते. एक, हळदीकुंकवाच्या वाणावर आपण दरवर्षी जो खर्च करतो, त्यातला निम्मा बाजूला काढून आळीतल्या ज्या मुलांना सहलीची वर्गणी जड जाते त्यांच्यासाठी द्यावा. नावे कोणाला कळू नयेत. पैसे सरळ वर्गबाईंच्या हाती जावेत. दोन, सहलीच्या आणि संमेलनाच्या दिवशी धाकटी भावंडे मंडळाच्या खोलीत आपण पाळीपाळीने सांभाळावी, म्हणजे कोणा थोरलीला घरी राहावे लागणार नाही. तीन, संमेलनात पोशाख घरच्या साडी-ओढणीतून शिवून द्यावा. आपल्यात शिवणकाम येणाऱ्या पुष्कळ आहेत.

शिंपले आणि चिंचोके घेऊन ज्यांनी शाळा उभी केली, त्यांच्या जिल्ह्यात आपण राहतो. वाटेल तर पुढच्या थंडीत मुलांची आणि आपली मिळून एक सहल कोसबाडलाच काढू. डबे घरचे, आणि आळीतले एकही मूल मागे न ठेवता.