जोडलेली हाडे, हरवलेली गावे

येलदरीत जीवाश्म सापडत नाहीत, असे अनेक जण मला खात्रीने सांगतात. ते निम्मे खरे आहे. आपल्या पायाखालचा काळा पाषाण लाव्हाचा. त्यात हाड शोधणे म्हणजे तव्यावर बी पेरणे. पण नद्यांनी या पाषाणावर गेल्या लाखो वर्षांत जो गाळ आणि गोटा पसरला, त्यात हत्ती आणि रानबैलांची हाडे दडलेली आहेत. गाय पिलग्रिम यांनी 1905 साली नाशिककडच्या नांदूर-मधमेश्वर येथील हत्तीच्या अवशेषांवर लिहिले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या जी. एल. बदाम यांचा भारतातील प्लाइस्टोसीन प्राण्यांवरचा ग्रंथ 1979चा. अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावणारी आपली पूर्णाही याच गोदावरीची उपनदी. त्यामुळे वाळू उपसताना कुणाला काही सापडले की ते फिरत फिरत माझ्या ओट्यावर येते. भूशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही. एक भिंग आणि जुन्या पुस्तकांचे कपाट आहे.

काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयीन मुलाने हत्तीची दाढ आणली. विकत घेतलेली होती. शाळेच्या संग्रहाला ती भेट द्यायची आणि खाली ‘येलदरी, पूर्णा नदी’ अशी पाटी लावायची, असे त्याने ठरवले होते. वस्तू देखणी होती, आणि मला पहिली शंका आली ती त्यामुळेच.

हत्तीची दाढ म्हणजे एकामागे एक उभ्या केलेल्या पातळ पट्ट्यांची चवड. ती जबड्यात मागून पुढे सरकते आणि पुढच्या टोकापासून झिजते. पट्टी झिजू लागली की आधी वर लहान लहान कड्यांची ओळ दिसते. आणखी झिजली की कडी एकत्र होऊन एक लांबट आडवे वेटोळे तयार होते. म्हणजे पुढे वेटोळी, मध्ये कडी आणि मागे न झिजलेल्या पट्ट्या, हा क्रम ठरलेला. या दाढेत वेटोळी होती, मग कडी होती आणि त्यामागे पुन्हा वेटोळी. असा घास कुठल्याही हत्तीने कधी चावलेला नाही.

बाकीची तपासणी त्यामानाने सोपी. भिंगाखाली सांध्याजवळ बारीक गोल बुडबुडे दिसले. ते रेझिनमध्ये असतात, हाडात नसतात. नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली, अंधाऱ्या खोलीत, एक पट्टा निळसर पांढरा चमकला. (हा दिवा सर्वज्ञ नाही. काही खनिजेही चमकतात आणि काही गोंद अजिबात चमकत नाहीत.) भेगा पाहिल्या. खऱ्या तुकड्यातली भेग सांध्याशी येऊन थांबत होती, पलीकडे तिचा मागमूस नव्हता. शेवटी चिकटलेल्या मातीचा कण सुटा करून त्यावर पातळ आम्लाचा थेंब टाकला. एका बाजूची माती फसफसली, म्हणजे तिच्यात चुनखडी होती. दुसऱ्या बाजूची बारीक तपकिरी माती ढिम्म. आम्लाचा थेंब हाडावर कधीही टाकू नये, फक्त सुट्या कणावर.

त्या मातीने जे सांगितले ते मला दाढेपेक्षा मोठे वाटले. दोन दाढा एकत्र आल्या होत्या, आणि बहुधा दोन ठिकाणेही. ती पाटी लागली असती तर पुढे कुणीतरी येलदरीत हत्ती सापडल्याचे छापले असते. मुलगा हिरमुसला, पण त्याने तुकडे वेगळ्या डब्यांत ठेवले आणि दोन्हींवर ‘ठिकाण अज्ञात’ असे स्वतःच्या हाताने लिहिले.

गोंदावाचूनही असे सांधे जुळवता येतात, आणि तेही अगदी प्रामाणिक माणसांकडून. नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्य प्रांतात, जबलपूरच्या बारा सिमला टेकडीवर चार्ल्स मॅटली यांना एका ठिकाणी कवचाच्या ढाली, माकडहाड, नळीचे हाड आणि दात मिळाले. 1923 साली त्यांनी या सगळ्यांचा मिळून एक चिलखती डायनोसॉर घडवला आणि त्याला ‘लॅमेटासॉरस इंडिकस’ हे नाव दिले. 1935 साली डी. के. चक्रवर्ती यांनी प्रश्न केला, की हा प्राणी खरोखर चिलखती होता का? आज मानतात ते असे: माकडहाड आणि नळी मांसाहारी डायनोसॉरची, ढाली लांब मानेच्या शाकाहाऱ्याच्या, आणि दात मगरीच्या कुळातले. मॅटलींच्या हातात गोंदाची बाटली नव्हती. एकत्र सापडले म्हणजे एकाचेच, हा विचारच गोंदासारखा चिकटला.

चीनमधल्या ‘आर्किओरॅप्टर’ची गोष्ट अनेकांना ठाऊक असेल. 1999 साली नॅशनल जिओग्राफिकने गाजवलेला तो पंखधारी प्राणी 88 तुकड्यांचा निघाला; पुढचा भाग एका पक्ष्याचा, शेपूट एका लहान डायनोसॉरची. आपल्याकडच्या प्रकरणात तर तुकडे जोडावेही लागले नाहीत. चंदीगडच्या पंजाब विद्यापीठातले विश्वजित गुप्ता हिमालयातले म्हणून वर्षानुवर्षे जे जीवाश्म छापत होते, त्यांतले काही न्यूयॉर्क आणि मोरोक्कोकडचे असल्याचा आरोप ऑस्ट्रेलियाच्या जॉन टॅलंट यांनी 1989 साली ‘नेचर’मध्ये जाहीरपणे केला. गुप्तांनी तो नाकारला; पण हिमालयाच्या थरांची कालगणना ज्यांनी त्या नोंदींवर बांधली होती, त्यांना ती विटेविटेने तपासावी लागली. अस्सल जीवाश्मावर खोटे गाव चिकटले, तर भिंग आणि दिवा दोन्ही निरुपयोगी. अशा वेळी कामाला येतो तो खडकाचा पोत, चिकटलेली माती आणि ज्याने वस्तू उचलली त्याची वही.

असे असले तरी जोडकामाला सरसकट नावे ठेवणे मला पटत नाही. पूर्णेचे पाणी ज्या गोदावरीत जाते, ती खाली सिरोंच्याजवळ प्राणहितेला भेटते. तिथल्या कोटा गावावरून ओळखल्या जाणाऱ्या खडकांत, आताच्या तेलंगणातल्या पोचमपल्लीजवळ, कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या अभ्यासकांनी 1961 साली खोदकाम केले. सुमारे 300 हाडे निघाली, निदान सहा प्राण्यांची. ते वर्ष टागोरांच्या जन्मशताब्दीचे, म्हणून 1975 साली नाव दिले ‘बारापासॉरस टागोराय’. ‘बारा पा’ म्हणजे मोठा पाय. संस्थेच्या संग्रहालयात उभा असलेला सांगाडा या अनेक प्राण्यांच्या हाडांतून जुळवलेला आहे. कवटी मिळालीच नाही, काही सुटे दात तेवढे मिळाले. सांगाडा जुळवलेला आहे हे लपवलेले नाही आणि खोदकामाची नोंदही आहे, त्यामुळे उद्या कुणाला तो मनातल्या मनात पुन्हा सुटा करायचा झाला तर करता येतो.

माझ्याकडे येणारे तुटके हाड मीही जोडतो. त्यासाठी ॲसिटोनमध्ये विरघळणारा गोंद वापरतो, म्हणजे पुढच्या माणसाला तो सोडवता येईल. भरावाचा रंग हाडापेक्षा मुद्दाम एक छटा फिका ठेवतो आणि तो हाडाच्या पातळीच्या किंचित खाली बसवतो. जोडण्याआधी दोन्ही तुटक्या कडांचे फोटो काढतो, आणि चिकटलेली माती धुऊन न टाकता कागदाच्या पुडीत बांधून तारखेसह त्याच डब्यात ठेवतो.